लायपेज भरलेला कॉलम आणि वाहती रासायनिक क्रिया: बडोद्यातल्या प्रकल्पाच्या नोंदी

१० मार्च

काम असं: रेसिमिक (एकमेकांची आरसा-प्रतिमा असलेली आर आणि एस ही दोन रूपं निम्मी-निम्मी असलेल्या) १-फेनिलइथेनॉल या अल्कोहोलमधल्या आर-रूपाचं लायपेज या एन्झाइमकडून ॲसिटेट (ॲसिटिक आम्लाचं एस्टर) करून घ्यायचं, एस-रूप अल्कोहोल म्हणूनच मागे ठेवायचं. आणि हे फ्लास्कमध्ये नाही, सतत वाहत्या प्रवाहात. जागा मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतली छोटी प्रयोगशाळा, वाफा ओढून घेणारं एक फ्यूम हूड, मिश्रणातले घटक वेगळे करून मोजणारं एक जुनं गॅस क्रोमॅटोग्राफ आणि द्रावण ध्रुवित प्रकाश किती अंश फिरवतं ते दाखवणारा एक पोलारिमीटर.

एन्झाइम: नोव्होझाइम ४३५, म्हणजे ॲक्रिलिक रेझिनच्या सच्छिद्र दाण्यांवर बसवलेलं कँडिडा अंटार्क्टिका लायपेज बी. दाणे ०.३ ते ०.९ मिमी. १० ग्रॅमची बाटली १४,८०० रुपयांना पडली. ॲसिटिल देणारा घटक व्हिनाइल ॲसिटेट, द्रावक टोल्युइन. दोन्ही भडकणारे, त्यामुळे सगळी मांडणी हूडमध्ये, धातूचे भाग अर्थ केलेले.

फीड, म्हणजे आत सोडायचं मिश्रण: अल्कोहोल ०.२ मोलर (लिटरला २४.४ ग्रॅम), व्हिनाइल ॲसिटेट ०.६ मोलर (लिटरला ५५ मिलि), बाकी टोल्युइन.

१२ मार्च

प्रवाहाकडे वळण्याआधी बाटलीतली चाचणी. १०० मिग्रॅ दाणे, १० मिलि फीड, ४० अंश, शेकर. ३० मिनिटांनी रूपांतर (एकूण अल्कोहोलपैकी किती ॲसिटेट झालं ते) २४ टक्के, दोन तासांनी ४६, चार तासांनी ५०. (हे आकडे ९ एप्रिलची चूक कळल्यावर दुरुस्त करून लिहिलेत.)

चुंबकाने ढवळू नका. पहिल्या बाटलीत चुंबक टाकला होता. दोन तासांत दाण्यांचा भुगा झाला, द्रावण गढूळ झालं आणि ती बाटली फेकावी लागली.

१५ मार्च

पेरिस्टाल्टिक पंप पडून होता, म्हणून त्याच्यावर सुरुवात केली. सिलिकॉन नळी टोल्युइनने अर्ध्या तासात फुगून रोलरमधून निसटली. मग टोल्युइनला टिकते म्हणून फ्लोरोइलास्टोमरची नळी मागवली. टोल्युइनला ती टिकते हे खरं, पण फीडमध्ये व्हिनाइल ॲसिटेट आहे आणि एस्टरपुढे या रबराचं काही चालत नाही. दुसऱ्या दिवशी नळी चिकट आणि मऊ. दोन्ही नळ्यांचे मिळून २,६०० रुपये आणि चार दिवस पाण्यात. नळी निवडताना फीडमधला प्रत्येक घटक तपासायचा, नुसता द्रावक नाही.

तूर्त सिरिंज पंप आणि ५० मिलिची काचेची सिरिंज. प्लास्टिकच्या सिरिंजचं रबरी बूच टोल्युइनमध्ये फुगून अडकतं.

१९ मार्च

पहिला रिॲक्टर: टेफ्लॉनची नळी, आतला व्यास १.६ मिमी, लांबी ६० सेंमी. दोन्ही टोकांना १०० मेशच्या स्टील जाळीच्या चकत्या. पंच करून देण्याचं काम जीआयडीसीतल्याच लेथवाल्या काकांनी केलं. नळी बघून काका म्हणाले, "अहो, यात दाणे जायचे नाहीत, अडकतील." बरोबर होतं त्यांचं. ०.९ मिमीचे दोन दाणे शेजारी आले की १.६ मिमीची नळी बंद. शिवाय हवा कोरडी असल्यामुळे टेफ्लॉनवर स्थिर वीज साचते आणि दाणे भिंतीला चिकटून बसतात. तारेने ढोसत ढोसत तीन तासांत ०.३४ ग्रॅम भरले.

२२ मार्च

०.१ मिलि/मिनिट, ४० अंश. बाटलीतल्या वेगावरून हिशेब केला तर इतक्या एन्झाइमला ५० टक्के सहज यायला हवे. आले ४१. नळीला टिचकी मारली की ३६, पुन्हा मारली की ४३. द्रव दाण्यांमधून जायचं सोडून भिंतीलगत आपली वाट काढत होता.

खात्री करायला टोल्युइनमध्ये लाल सुदान रंग सोडला. हा मूर्खपणा होता: रंग रेझिनने शोषून घेतला, नळी गुलाबी झाली आणि बाहेर काहीच आलं नाही. ट्रेसर म्हणून रेझिनला न चिकटणारी वस्तू हवी.

दाणे चाळून ४२५ ते ६०० मायक्रॉनचा भाग वेगळा केला तरी व्यास दाण्याच्या तिप्पटच. नळीचा व्यास दाण्याच्या निदान आठ-दहा पट हवा. दाणे कुटून बारीक करायचा मोह होतो. करू नका, भुगा फ्रिट (टोकाची सच्छिद्र चकती) बंद करतो. बारीक नळीच्या "मायक्रो" रिॲक्टरची कल्पना बाजूला ठेवली.

२९ मार्च

एचपीएलसीचा (दाबाने द्रव ढकलून घटक वेगळे करणाऱ्या यंत्राचा) टाकून दिलेला १०० × ४.६ मिमी स्टीलचा कॉलम उघडून रिकामा केला. पोकळ घनफळ १.६६ मिलि. दोन्ही टोकांना २ मायक्रॉनचे फ्रिट.

भरण्याची पद्धत, तीन प्रयत्नांनंतर जमलेली: चाळलेले दाणे टोल्युइनमध्ये बुडवून हलका व्हॅक्यूम पाच मिनिटं. आधी दाणे वर तरंगतात, कारण छिद्रांत हवा असते. हवा निघाली की तळाशी बसतात. मग ही खीर ड्रॉपरने कॉलममध्ये, मधूनमधून कॉलमला पेनाच्या टोकाने टकटक. वरपर्यंत आल्यावर फ्रिट हाताने घट्ट, पाना लावून दाबायचं नाही. पहिल्या वेळी दाबला होता, दाणे चिरडले आणि बाहेर येणारा द्रव पांढुरका होऊ लागला. बसले ०.६२ ग्रॅम.

पंपही बदलला: जुना एचपीएलसी पंप, ३२,००० रुपये. बॉल व्हॉल्व्हमध्ये हवा राहिली की प्रवाह कमी पडतो. ०.२ लावून दहा मिनिटं बाहेर पडलेलं टोल्युइन तोललं तर प्रत्यक्षात ०.१८३ निघाला. आता रोज सकाळी तोलूनच सुरुवात.

२ एप्रिल

द्रव कॉलममध्ये किती वेळ राहतो हे पोकळ घनफळावरून काढत होतो: १.६६ भागिले ०.२, म्हणजे ८.३ मिनिटं. चूक. कोरडा भरलेला कॉलम तोलला, टोल्युइनने भरून पुन्हा तोलला. फरक १.०५ ग्रॅम, म्हणजे १.२२ मिलि. खरा वेळ ६.१ मिनिटं.

दुसरी गफलत बाहेरच्या नळीत. दीड मीटर, आतला व्यास १ मिमी: त्यातच १.१८ मिलि मावतं, म्हणजे जवळजवळ दुसरा कॉलम. प्रवाह बदलल्यावर दहा मिनिटांत नमुना घेत होतो, तो आधीच्याच प्रवाहाचा निघायचा. नळी ०.५ मिमीची, ४० सेंमी केली. आता प्रवाह बदलल्यावर एकूण घनफळाच्या तिप्पट द्रव जाऊ देतो, मगच नमुना.

५ एप्रिल

बुडबुडे. बाहेरचा प्रवाह तुटक, रूपांतर वरखाली. संशय लगेच ॲसिटाल्डिहाइडवर, कारण ते क्रियेत तयार होतं आणि २० अंशांच्या आसपास उकळतं. म्हणून कॉलमचा पाण्याचा बाथ ३० अंशांवर आणला. बुडबुडे थोडे कमी झाले, वेग मात्र खूप पडला. दोन दिवस आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मग हिशेब केला. ॲसिटाल्डिहाइड जास्तीत जास्त ०.१ मोलर, म्हणजे शंभर रेणूंत एखादा. एवढ्याचा दाब बुडबुडा काढण्याइतका होत नाही. खरे चोर दोन: गार टोल्युइनमध्ये विरघळलेली हवा, जी ४० अंशांवर बाहेर पडते, आणि दाण्यांच्या छिद्रांत उरलेली हवा.

इलाज: टोल्युइन पंधरा मिनिटं सोनिकेटरमध्ये (ध्वनिलहरींनी हवा काढायला), आणि व्हिनाइल ॲसिटेट त्यानंतर घालायचं, आधी घातलं तर तेच उडून जातं. कॉलम उभा, प्रवाह खालून वर. बाहेर ४० पीएसआयचा बॅक प्रेशर रेग्युलेटर (आतला दाब टिकवून धरणारी झडप), ४,५०० रुपये. आता बुडबुडा नाही. बाथ परत ४० वर.

बाहेरची बाटली बर्फात आणि हूडच्या आत. ॲसिटाल्डिहाइड तिथे खरंच उडतं.

९ एप्रिल

रूपांतर ५३ टक्के! आनंद पाच मिनिटं टिकला. हे लायपेज एस-रूपाला जवळजवळ शिवतच नाही, म्हणजे ५० च्या वर तीन टक्के जाणं ही बातमी नाही, मोजमापातली चूक आहे. आपण गॅस क्रोमॅटोग्राफच्या आलेखातल्या शिखरांच्या क्षेत्रफळाची सरळ टक्केवारी काढत होतो. त्याचा ज्योत-डिटेक्टर ॲसिटेटला अल्कोहोलपेक्षा रेणूमागे जास्त प्रतिसाद देतो. दोन्हींची समान मोलची द्रावणं चालवून गुणोत्तर १.१४ आलं. खरं ५०:५० असेल तर क्षेत्रफळात ५३ दिसणारच. मागचे सगळे आकडे दुरुस्त केले. अंतर्गत मानक (ज्याच्याशी तुलना करून बाकीचे घटक मोजायचे) म्हणून फीडमध्ये डोडेकेन घालायला सुरुवात.

एन्झाइम सुटून बाहेर येतं का, याचीही चाचणी: बाहेर आलेला (मुद्दाम जलद प्रवाहाचा, ३५ टक्क्यांचा) नमुना २४ तास ४० अंशांवर ठेवला. ३५ च राहिला. एन्झाइम कॉलममध्येच आहे.

१४ एप्रिल

प्रवाहाची मालिका, ४० अंश: ०.२ मिलि/मिनिटला ४९.९ टक्के, ०.५ ला ४६, १.० ला ३६.

ही ओळ पुन्हा वाचावी. काम आपण ०.२ वर करणार, तिथे गरजेपेक्षा कितीतरी जास्त एन्झाइम आहे. त्यातलं पाव मेलं तरी ०.२ वर ५० च्या जवळच दिसेल. रोजचा आकडा बघून "कॉलम ठणठणीत आहे" म्हणणं म्हणजे टाकी भरून वाहतेय म्हणून बोअरचं पाणी किती उरलंय हे न बघणं. म्हणून नियम: दर सोमवारी अर्धा तास १.० वर चालवून तो आकडा वहीत. कॉलमची तब्येत तिथे कळते.

०.२ वर दिवसरात्र चालला तर २८८ मिलि फीड, ७ ग्रॅम रेसिमिक. एवढ्यासाठी दाण्यांचा फ्लास्क ढवळत बसावं लागत नाही.

२८ एप्रिल

दुपारी खोलीत ३९ अंश. बाथ ४० वर लावलाय, पण त्याला फक्त तापवता येतं, थंड करता येत नाही. पंपाची उष्णता धरून पाणी ४२–४३ वर जाऊन बसतं. बाथ सरळ ४५ वर नेला, म्हणजे ताबा हीटरकडेच राहतो. १.० वर ३८ टक्के आले. यापुढची तुलना या ३८ शी.

उन्हाचा दुसरा त्रास शोषणाच्या बाजूला: गरम फीडमध्ये पंप हवा ओढल्यासारखा अडखळतो. बाटली पंपापेक्षा अर्धा मीटर वर ठेवली, शोषणाची नळी जाड केली, थांबलं.

६ मे

दाब रोज ३ बार असतो (त्यात रेग्युलेटरचेच २.८). आज सकाळी ११. कॉलम सोडवून पंप नुसता चालवला तर ठीक, म्हणजे अडथळा कॉलममध्ये. द्रव आत शिरतो त्या बाजूचा फ्रिट काढला: राखाडी, बारीक, बोटांत रेतीसारखी कचकच. मॉलिक्युलर सीव्ह. फीड कोरडं राहावं म्हणून ३ अँगस्ट्रॉमच्या गोळ्या बाटलीतच टाकल्या होत्या; नळीच्या हालचालीने त्या घासून भुकटी सुटत होती. पंपाच्या सीलवरही ओरखडे, चार मिनिटांना एक थेंब गळती. सील ३,८०० रुपये, फ्रिट वेगळा, तीन दिवस बंद.

गोळ्या बाटलीतून काढून टाकल्या. फीड आता ०.४५ मायक्रॉनच्या टेफ्लॉन पडद्यातून गाळून भरायचं.

(२४ जूनची पुस्ती: गोळ्या काढल्या हे ठीक, पण त्यांच्या जागी काहीच ठेवलं नाही, ही मोठी चूक.)

१९ मे

वेगळं करणं. अल्कोहोल आणि ॲसिटेटचे उत्कलनबिंदू इतके जवळ आहेत की आपल्या साध्या ऊर्ध्वपातनाने जमणार नाही. टोल्युइन उडवून सिलिका कॉलम, हेक्झेन आणि इथाइल ॲसिटेट ९:१. ॲसिटेट आधी उतरतं, अल्कोहोल मागून.

पोलारिमीटर: मेथॅनॉल, १०० मिलिला ५ ग्रॅम, १ डेसिमीटरची नळी. विकत आणलेलं शुद्ध एस-रूप याच नळीत −२.२४ अंश, आपलं −२.१९. म्हणजे ९८ टक्क्यांच्या आसपास. बाहेर पाठवलेल्या चायरल (आर आणि एसचं प्रमाण मोजणाऱ्या) तपासणीशी जुळलं. एका नमुन्याचे १,५०० रुपये, म्हणून रोजचं काम पोलारिमीटरवरच. टोल्युइनचा अंश राहिला तर आकडा कमी दिसतो, त्यामुळे वजन स्थिर होईपर्यंत व्हॅक्यूम.

सोमवारचा आकडा: ३७.

१२ जून

सोमवारचे आकडे ३७, ३६, ३५, आणि आज ३३. रोजचा ०.२ वरचा आकडा तोच, ४९.८. वेगाच्या हिशेबाने पाव एन्झाइम गेलं आणि रोजच्या आकड्यात त्याची चाहूलही नाही. हवा दमट झाली आहे.

२४ जून

पाऊस लागला. १.० वर २५. निम्मं गेलं. ०.२ वर ४८.४, जे वाचून पूर्वी कुणी फारसं मनावर घेतलं नसतं. पण त्या दीड टक्क्यात न बदललेलं आर-रूप आहे आणि ते सगळं एस-अल्कोहोलच्या वाट्याला येतं. पोलारिमीटरवर −२.१०. शुद्धता ९८ वरून ९४. ज्याला मागे उरलेलं अल्कोहोल हवंय त्याने रूपांतराच्या आकड्यावर भरवसा ठेवू नये.

कारण शोधायला बाहेर येणाऱ्या द्रवाचं आम्ल मोजलं: १० मिलि नमुना, ०.०१ नॉर्मल अल्कली, फिनॉल्फ्थेलीन, हात जलद. मार्चच्या फीडचा गोठवून ठेवलेला नमुना पुन्हा चालवला त्याला ३ मिलि लागले, आजच्याला १२. कार्ल फिशरवर फीडमधलं पाणी: तेव्हाचं ९० पीपीएम, आजचं ३१०. आकडे एकमेकांना धरून आहेत. ३१० पीपीएम म्हणजे लिटरला १५ मिलिमोल पाणी. लायपेजला अल्कोहोल काय नि पाणी काय, व्हिनाइल ॲसिटेटवरचा ॲसिटिल गट पाण्यालाही देतं आणि ॲसिटिक आम्ल तयार होतं, तेही दाण्यांच्या आतच. बाटलीच्या तोंडावर नुसती फॉइल होती, आणि पावसाळी हवा दिवसभर आत.

१ जुलै

कॉलम कोरड्या टोल्युइनमध्ये १ टक्का ट्रायइथिलअमाइन (आम्ल मारणारा अल्कली) घालून अर्धा तास धुतला, मग नुसत्या टोल्युइनने. १.० वर २५ चे २९ झाले. म्हणजे थोडा दोष दाण्यांत अडकलेल्या आम्लाचा, बाकीचं एन्झाइम खरंच मेलेलं.

कॉलम उघडून दाणे लाकडी काडीने ढकलत तीन भागांत काढले. सुरुवातीचा तिसरा हिस्सा फिकट तपकिरी, शेवटचा जवळजवळ नव्यासारखा पांढरा. प्रत्येकाची १२ मार्चसारखी बाटलीतली चाचणी, नव्या दाण्यांच्या तुलनेत: आत शिरण्याच्या बाजूचे ३४ टक्के, मधले ६६, शेवटचे ८३. पाणी आत शिरल्या शिरल्या वापरलं जातं, म्हणून मार पहिल्या दोन-तीन सेंटीमीटरना. एकूण चाललेले तास ३१०.

यातून एक उपाय सुचला तो पुढच्या कॉलमसाठी: मुख्य कॉलमच्या आधी २ सेंमीचा छोटा कॉलम, त्यात जुने शेवटच्या हिश्श्यातले दाणे. मार तो खाईल, आणि तो बदलायला पाच मिनिटं लागतात.

८ जुलै

नवा कॉलम, ०.६१ ग्रॅम. फीडची नवी रीत: टोल्युइन आणि व्हिनाइल ॲसिटेट वेगवेगळ्या बाटल्यांत सीव्हवर दोन दिवस, न हलवता, वरचं काढून गाळायचं, मग मिसळायचं. फीडच्या बाटलीला दोन भोकांचं झाकण, एकातून शोषणाची नळी, दुसऱ्यात निळ्या सिलिका जेलची नळी. जेल गुलाबी झालं की ओव्हनमध्ये. या पावसात ते चार दिवसांत गुलाबी होतं. अगदी ठणठणीत कोरडं करायचा हट्ट धरू नये, लायपेजला स्वतःपुरती ओल लागते. ५० ते १०० पीपीएमवर आपलं ठीक चाललं.

आज फीड ८० पीपीएम, बाहेरचं आम्ल १० मिलिला २.६ मिलि.

आतापर्यंतचा खर्च: एन्झाइम १४,८०० (बाटलीतलं निम्म्याहून जास्त शिल्लक), पंप ३२,०००, फिटिंग आणि फ्रिट ६,४००, रेग्युलेटर ४,५००, सील ३,८००, वाया गेलेल्या नळ्या २,६००, बाहेरच्या तपासण्या ९,६००. एकूण ७३,७००, द्रावक सोडून. सरळ स्टीलच्या कॉलमने आणि एचपीएलसी पंपाने सुरुवात केली असती तर नळ्यांचे पैसे आणि मार्चचे तीन आठवडे वाचले असते.

४५ अंश, १.० मिलि/मिनिट: ३८. पुढचा आकडा सोमवारी.